एकोच्या रिपोर्टात ‘पॉसिबल’ लिहिलंय? मग आता काय करायचं?

(रिपोर्टचा कागद हातात, कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी. हा एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद बघा. नाव झाकलंय, शेवटची ओळ तेवढी वाचतो. “पॉसिबल बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह. पुअर एको विंडो. सजेस्ट टीईई.”

बेळगावात माझं मेडिकल आहे. गोळ्या घ्यायला आलेला माणूस हळूच असा कागद काउंटरवर सरकवतो. खानापूर भागातले एक मामा म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, एनिल्ला, आरु तिंगळु बिट्टु बन्नी. काही नाही, सहा महिन्यांनी या. मग हे खाली काय लिहिलंय?” डॉक्टर सांगतात काही नाही, कागद सांगतो अजून एक तपासणी करा. ह्या दोघांच्या मधे घरदाराची झोप उडते.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. तुमची झडप चांगली की वाईट ते मी सांगणार नाही. पण असा रिपोर्ट येतो कशामुळं आणि डॉक्टरांपुढं बसल्यावर विचारायचं काय, एवढं सांगतो.

“नीट दिसलं नाही” म्हणजे “खराब आहे” नव्हे. आणि “काही नाही” असंही नव्हे. पुष्कळदा घोळ झडपेत नसतो, चित्रात असतो.

एकोत आवाजाच्या लहरी वापरतात. त्या हाडातून आणि हवेतून धड जात नाहीत, आणि छातीत बरगड्या आहेत, फुप्फुसं आहेत. म्हणजे बरगड्यांच्या फटीतून डोकावायचं. माणूस अंगानं जाड असला, बिडी ओढून फुप्फुसं फुगलेली असली, की ती फट आणखी लहान होते. (निपाणीच्या तंबाखूबद्दल आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.) “पुअर विंडो”चा अर्थ एवढाच.

आता बायकस्पिड. हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, तीच एओर्टिक व्हॉल्व्ह. तिला तीन पाकळ्या असतात. शंभरात एखाद-दुसऱ्याला जन्मापासून दोनच असतात. बहुतेकांत दोन पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि जोडाची रेघ तेवढी उरते. झडप मिटलेली असताना ती रेघ तिसऱ्या फटीगत दिसते. उघडतानाचं चित्र नीट मिळालं तरच खरं काय ते कळतं. वयानं झडपेवर कॅल्शियम साचलं असेल तर तेही अवघड. म्हणून टीईई सांगतात: घशात सुन्न करायचा स्प्रे मारून बारीक नळी अन्ननलिकेत सोडायची आणि हृदय मागच्या बाजूनं बघायचं. तिथं मधे बरगडी नाही, फुप्फुस नाही. कधी त्याऐवजी सीटी किंवा एमआरआय करतात, कारण अशा लोकांत महाधमनीही रुंद होऊ शकते, ती मोजावी लागते. दोन पाकळ्या आहेत हे पक्कं झालं, तर आईवडील, भावंडं, मुलं यांचाही एको करायला सांगतात. तेव्हा घाबरू नका, करून घ्या.

दुसरा घोळ आकड्यांचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात उडतं. झडप अरुंद झाली की रक्ताचं तसंच होतं. वेग सेकंदाला 4 मीटर किंवा वर, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) 40 किंवा वर, आणि झडपेचं तोंड 1 चौरस सेंटिमीटरच्या आत, असं असेल तर आजार गंभीर धरतात. पण एखाद्या रिपोर्टात तोंड 0.9 असतं आणि ग्रेडियंट 28. एक आकडा म्हणतो गंभीर, दुसरा म्हणतो मध्यम.

ह्यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. ते 0.9 बहुतेक वेळा सरळ मोजलेलं नसतं, हिशोबानं काढलेलं असतं. त्यासाठी झडपेच्या अलीकडच्या नळीची रुंदी मोजतात आणि हिशोबात तिचा वर्ग करतात. 20 मिलिमीटरच्या जागी 19 मोजलं गेलं, तर उत्तर दहा टक्क्यांनी घसरतं. एका मिलिमीटरचा फरक, आणि मध्यमचं गंभीर झालं! उलट वेग मोजताना लहर तिरकी पडली तर वेग कमी दिसतो. आणि काहींच्या बाबतीत हृदयच कमी रक्त ढकलत असतं, त्यामुळं झडप खरोखर अरुंद असूनही ग्रेडियंट चढत नाही. म्हणून हा रिपोर्ट तसाच सोडून द्यायचा नसतो. औषध देऊन स्ट्रेस एको करतात, नाहीतर सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत साधारण 2000च्या वर आणि बायकांत 1200च्या वर स्कोअर गेला तर गंभीर असण्याची शक्यता जास्त.

“ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर”, म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड या दुसऱ्या दोन झडपांतून अगदी किंचित गळती, एवढंच असेल तर? धडधाकट माणसातही ते सर्रास दिसतं. पुढं चला.

एमव्हीपी म्हणजे मायट्रल झडप मागं झुकणं. एके काळी ते नको तितक्या लोकांच्या रिपोर्टात यायचं. 1980च्या दशकाच्या शेवटी बोस्टनचे रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ह्या झडपेची कडा मुळात सपाट नसतेच, त्यामुळं एका कोनातून चांगली झडपही झुकलेली दिसते. मग ठरावीक कोनातून 2 मिलिमीटरपेक्षा जास्त झुकाव हवा असा निकष आला. तुमचा एमव्हीपीचा कागद फार जुना असेल तर डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगा.

तर विचारायचं काय? “नेमकं काय नीट दिसलेलं नाही? ते कुठल्या तपासणीनं स्पष्ट होईल? ती आता करायची की थांबलं तरी चालेल? थांबायचं तर किती महिने?” बस्स. कन्नड जमत नसेल तर जमणाऱ्याला सोबत न्या आणि उत्तर त्याच कागदाच्या मागं लिहून घ्या. पुढचा एको शक्यतो त्याच ठिकाणी करा. त्या वेळचं बीपीही लिहायला सांगा, कारण बीपी चढलेलं असलं की झडपेची गळती जास्त दिसते.

दुसरं मत घ्यायला आपली माणसं मिरजेला जातात, नाहीतर निपाणी-कागलवरून कोल्हापूरला. जा की! पण नुसता कागद घेऊन जाऊ नका. एकोची हलती चित्रं पेन ड्राइव्हवर मागून घ्या. तिथल्या डॉक्टरांना तुमची झडप बघायची असते, इथल्या डॉक्टरांचं इंग्रजी नव्हे. खर्चाचं म्हणाल, तर आपल्याकडं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्र सरकारनंही 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला होता. निघण्याआधी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा, आमचं कार्ड चालतं का, आणि ही तपासणी त्यात बसते का.

थांबायच्या काळात रोज छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसू नका. धडधड वाढते ती त्यानंच. एक वही ठेवा. नेहमीचा जिना चढताना दम लागतो का, तेवढं लिहा. मात्र चालताना, काम करताना चक्कर येऊन पडलात, छातीत दाबल्यासारखं झालं, रात्री आडवं झालं की धाप लागायला लागली, तर सहा महिन्यांची तारीख विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ताप. झडपेचा संशय असलेल्या माणसाचा ताप काही दिवस उतरतच नसेल, तर अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना झडपेचं सांगा. झडपेवर जंतू बसलेत का हे रक्ताच्या कल्चरवरून बघतात, आणि आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये जंतू सापडायची शक्यता कमी होते. माझ्या काउंटरवर येऊन “तेवढी तीन दिवसांची स्ट्रिप द्या की” म्हणालात, तर मी देणार नाही. भांडलात तरी नाही. चिठ्ठी घेऊन या.