पान घेऊन जा

(दृश्य: कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीची गच्ची, सकाळची वेळ. रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, थर्माकोलची खोकी. सगळ्यांत माती, सगळ्यांत काहीतरी लावलेलं.)

दिसायला हे झाड अगदीच गबाळं. लांबलचक, चपट्या, लोंबणाऱ्या फांद्या. कडेला खाचा, कुठे पिवळे डाग. जास्वंदीसारखा रोजचा रंग नाही की मोगऱ्यासारखा रोजचा वास नाही. वर्षातले बरेच महिने ते कोपऱ्यात नुसतं पसरलेलं असतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतं. तरी पुण्या-मुंबईची बाल्कनी बघा, नाशिकचा बंगला बघा नाहीतर कोल्हापूरची गच्ची. ब्रह्मकमळाची एखादी कुंडी हमखास सापडते.

कुठून आणलं, असं विचारलं तर नर्सरीचं नाव फारसं कुणी घेत नाही. "नणंदेकडून." "शाळेतल्या बाईंनी दिलं होतं." "आमच्या आधी जे भाडेकरू होते ना, त्यांचं." प्रत्येक कुंडीमागे एक माणूस असतो. त्या माणसाला कुणी दिलं, हे विचारायला गेलं की पत्ता तिसऱ्याच गावात निघतो.

(दृश्य: फांदीच्या खाचेतून फुटलेली छोटी, लालसर कळी.)

खरं ब्रह्मकमळ वेगळं. ते हिमालयात तीन हजार मीटरच्या वर फुलतं, केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जातं आणि उत्तराखंडाचं राज्यफूल आहे. आपल्या कुंडीतला हा पाहुणा निवडुंगाच्या कुळातला, मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडच्या जंगलांतला. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२८ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नव्हेच, ती चपटी झालेली फांदी आहे. म्हणून तर तिला मुळं फुटतात आणि फुलंही तिच्याच कडेला येतात.

त्याच्या मूळ जंगलात मोठे निशाचर पतंग या फुलावर येतात, परागीभवन होतं, फळ धरतं. आपल्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवर फळ धरलेलं क्वचितच दिसतं. फळ नाही, म्हणजे बी नाही. वाऱ्याने उडून जाणं नाही, पक्ष्याने नेणं नाही. कुणीतरी कापून दिल्याशिवाय आणि कुणीतरी पिशवीत घालून नेल्याशिवाय या झाडाला एका घरातून दुसऱ्या घरात जाताच येत नाही.

(दृश्य: रात्रीचे साडेनऊ. जिन्यात चपलांचा ढीग. मोबाइलचे दिवे.)

पाऊस सुरू झाला की कळ्या दिसायला लागतात. तीनेक आठवडे त्या खाली मान घालून वाढतात. मग एके दिवशी देठ वाकून वर वळतो, कळी फुगते. घरच्यांना कळतं, आज रात्री. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जातो: आमच्याकडे पाच फुलं आहेत, नऊनंतर या. आणि एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं एकाच बाल्कनीत दाटीवाटीने उभी राहतात.

आठ-नऊच्या सुमाराला पाकळ्या सैल होतात. मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उमलतं. देठासकट जवळजवळ फूटभर लांब, पांढरंशुभ्र, आणि घमघमाट असा की खालच्या मजल्यावरून माणसं विचारत येतात. कुणी कुंडीला हळदकुंकू वाहतं, निरांजन ओवाळतं. मुलं फुलाच्या आत नाक खुपसतात. मसाला दूध फिरतं. पहाट होईपर्यंत फूल मलूल झालेलं असतं.

या फुलाला कधी बक्षीस मिळणार नाही. पुण्यात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरवते. गुलाब, शेवंती, बोन्साय, एकेक कुंडी नटवून आणलेली असते. ब्रह्मकमळ जानेवारीत फुलत नाही आणि परीक्षकांच्या वेळेला, दिवसाउजेडी, तर नाहीच नाही. त्याचं प्रदर्शन घरातच भरतं, आणि निघताना पाहुण्याला विचारलं जातं, "पान हवंय का? घेऊन जा."

(दृश्य: कात्रीने फांदी कापणारे हात. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा.)

पानाबरोबर सूचना येतात, आणि खरी मजा इथून पुढे. वीतभर तुकडा घ्या. लगेच लावू नका. चार-पाच दिवस सावलीत पडू दे, कापलेली जागा सुकू दे, नाहीतर कुजेल. खालचं टोक खालीच गेलं पाहिजे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मातीचा विषय निघाला की गट पडतात. एका काकूंचं म्हणणं, शेणखत घातलेली काळी माती, दुसरं काही नको. वरच्या मजल्यावरचे काका नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे आणि पालापाचोळ्याचं खत यांवर ठाम. झाडाच्या मूळ सवयी पाहिल्या तर काकांची बाजू वरचढ ठरते. जंगलात ते मोठ्या झाडांच्या बेचक्यात, साठलेल्या पाचोळ्यात वाढतं. मुळांना हवा लागते. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि झाड बुडापासून सडतं. पण काकूंच्या झाडाला दर वर्षी काकांपेक्षा जास्त फुलं येतात, त्यामुळे काकांचं कुणी ऐकत नाही. काकूंच्या हाताला गुण आहे, असं ठरलंय.

मग सुरू होतात फोन. "दोन वर्षं झाली, कळी नाही." उत्तरं तयार असतात. कुंडी बदलू नका, मुळं जरा आवळलेली बरी. खत कमी करा, नुसत्या फांद्याच वाढतायत. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं दिलंत तर पिवळं पडेल. वाट बघा. हा शेवटचा सल्ला सगळ्यात बरोबर आणि सगळ्यात नकोसा.

भेट आलेल्या झाडाबरोबर कधी कधी नको ते पाहुणेही येतात. पांढरे, कापसासारखे पिठ्या ढेकूण एका पानावरून येतात आणि महिन्याभरात सगळी जास्वंद चिकट करून टाकतात. मातीतून शंखी गोगलगाईची अंडी येतात, ते तर आणखी वाईट. जाणकार माणसं नवं झाड दोन आठवडे बाजूला ठेवतात, साबणाच्या पाण्याने पुसतात, निंबोळी तेल फवारतात. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून हे त्याच्यासमोर करत नाहीत.

(दृश्य: झपाझप बदलणारी चित्रं. पुड्या, ठोंब, मुनवे, डबे.)

देवाणघेवाण अर्थात ब्रह्मकमळाचीच नसते. शेवंतीचे मुनवे असतात, गवती चहाचे ठोंब असतात, पानओव्याच्या काड्या, कोकणातून आलेले अळूचे कंद, वर्तमानपत्राच्या पुडीत गुलबक्षीच्या बिया. मनीप्लांट मात्र मागून आणायचा नाही, चोरून आणायचा, तरच वाढतो अशी समजूत आहे. चोरणाऱ्याला आणि ज्याचा चोरला त्याला, दोघांनाही हे माहीत असतं. आणि प्रत्येक सोसायटीत एक घर असं असतंच, जिथे फूल दाखवतात पण पान देत नाहीत. "अजून लहान आहे हो झाड," असं वर्षानुवर्षं सांगतात. अशा घरातलं झाड एका पावसाळ्यात सडलं की मागायला तोंड उरत नाही. वाटून टाकणाऱ्याचं तसं होत नाही. त्याच्याच झाडाचे तुकडे आठ घरांत जिवंत असतात. एक गेलं तर सात ठिकाणी तेच झाड उभं आहे.

(दृश्य: पुन्हा तीच गच्ची. आता अर्धी रिकामी. कठड्यापाशी टेम्पोची वाट बघणाऱ्या कुंड्या.)

याचा प्रत्यय सध्या कोथरूडमध्ये सारखा येतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती पुनर्विकासाला जातायत. घर रिकामं करायचं, तीन-चार वर्षं भाड्याने राहायचं, मग नव्या टॉवरमध्ये परत यायचं. सामान हलतं. गच्चीवरची बाग हलत नाही. भाड्याच्या घराला बाल्कनी असेलच असं नाही, आणि असली तरी तिथे वॉशिंग मशीन असतं. म्हणून शेवटच्या महिन्यात वाटप सुरू होतं. कढीपत्ता माहेरी, अनंत शेजारच्या सोसायटीत, सोनचाफ्याचं पिंप कुणीच घेत नाही म्हणून देवळाच्या आवारात.

या गच्चीवरच्या ब्रह्मकमळाचंही तसंच झालं होतं. मालकीणबाईंनी ते भावजयीला औंधला दिलं आणि इमारत पाडली जायच्या आत पानं पंधरा-वीस घरांत पांगली. आता त्यांना नव्या घराचा ताबा मिळालाय. अकरावा मजला, पूर्वेची बाल्कनी, वारा जबरदस्त. औंधचं मूळ झाड गेल्या पावसाळ्यात गेलं. पण खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे त्यांचंच पान वाढून आता कमरेएवढं झालंय. ते मागायला गेल्यावर दोघांत थोडा वाद झाला. हे झाड कुणाचं? शिंपी म्हणतात, माझं, मी वाढवलं. बाई म्हणतात, माझं, मी दिलं. शेवटी शिंप्यांनी तीन पानं कापून दिली आणि वर सांगितलं की दुपारचं ऊन लागू देऊ नका. जणू बाईंना हे माहीतच नव्हतं.

पानं सध्या वर्तमानपत्रावर सुकतायत. अकराव्या मजल्यावरच्या वाऱ्याचं काय करायचं, यावर ग्रुपवर कालपासून चर्चा चालू आहे. काकू म्हणतात काळी माती, कुंडी जड हवी. काका म्हणतात शेंड्या आणि विटा, कुंडी आतल्या कोपऱ्यात. शिंपी ग्रुपवर नाहीत, पण त्यांचाही निरोप आलाय. बाईंनी तीन कुंड्या आणून ठेवल्यात.