दादरचा फूटपाथ आणि आजींचे गुडघे

[दृश्य : रानडे रोड, सकाळी सात. दुकानांची शटर्स खाली.]

या वेळी रानडे रोडवर पाय ठेवायला जागा असते. आणखी दोन-तीन तासांनी पथाऱ्या लागतील, टेम्पो उभे राहतील, दादर स्टेशनची गर्दी उतरेल. शेजारपाजारच्या चाळींतली, सोसायट्यांमधली म्हातारी माणसं त्याआधीच भाजी घेऊन घरी पोचलेली असतात. दुपारी किंवा संध्याकाळी त्यांना इथं शोधू नका.

[दृश्य : फूटपाथच्या कडेवर चढणारी पावलं, जवळून.]

ही कड बघा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे पादचाऱ्यांसाठीचे २०१२ सालचे निकष सांगतात, की कड १५ सेंटिमीटरहून उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी. प्रत्यक्षात कुठे कड गुडघ्याची परीक्षा घेते, कुठे झाडाचं आळं आणि विजेची पेटी मिळून निम्मी रुंदी खातात. शिवाय प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी फूटपाथ तुटतो. उतरा, चार पावलं चाला, पुन्हा चढा. गुडघे झिजलेल्या बाईला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे कुठल्याही आजींना विचारा.

तोल सांभाळायला शरीराला तीन गोष्टी लागतात : डोळे, कानाच्या आतली तोलाची यंत्रणा आणि तळपायाची जाणीव. वयानुसार तिन्ही मंदावतात. मोतीबिंदू असला, की राखाडी फूटपाथची राखाडी कड नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात, मग डुगडुगणारा पेव्हर ब्लॉक पायाला कळतच नाही. कळतो तेव्हा माणूस खाली असतो. खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशन नीट होऊनही अनेकांचं पूर्वीसारखं चालणं परत येत नाही.

जे पडले त्यांची नोंद हॉस्पिटलात होते. जे पडण्याच्या धास्तीनं बाहेर पडायचे थांबले, त्यांची कुठेच होत नाही, आणि मला वाटतं खरा आजार तिथं आहे. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग मैत्रिणीचं घर. मांडीचे स्नायू वापरात नसले की भराभर उतरतात. खुर्चीतून उठायला हाताचा टेकू लागतो. मग पडण्याची शक्यता आणखी वाढते. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. कुठे चाला, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, चारचौघांत कुणी बोलत नाही अशी. रक्तदाबासाठी अनेकांना लघवी वाढवणारी गोळी असते. वाटेत बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छ शौचालय नसलं, तर दोनच उपाय उरतात : घरी बसणं, किंवा निघण्याआधी पाणीच न पिणं. मे महिन्याच्या उकाड्यात दुसरा उपाय चक्कर आणतो. काही जणी बाहेर जायच्या दिवशी गोळीच चुकवतात.

[दृश्य : शिवाजी पार्क, कट्ट्यावर बसलेली मंडळी.]

आता शिवाजी पार्कचा कट्टा. मैदानाला वळसा घालणारी ही बैठी भिंत कुणी आरोग्य योजना म्हणून बांधलेली नाही. पण ज्याला एका दमात दोनशे पावलंच जमतात, तो इथं दोनशे पावलं चालतो, बसतो, शेजारच्याशी पेन्शनपासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलतो आणि पुन्हा उठतो. टेकायला जागा आहे एवढ्या भरवशावर त्याची फेरी पूर्ण होते. कट्ट्याला हात टेकवायला आधार असता तर उठणंही सोपं झालं असतं. मैदानातली लाल माती वाऱ्यानं उडते आणि दम्याच्या माणसाला छळते, तेही खरं. दम्यावरून आठवलं : पलीकडचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायची जागा, २०२५ मध्ये ताडपत्रीनं झाकला गेला तेव्हा केवढा वाद पेटला. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काहींची फुप्फुसं कायमची निकामी करते, हे त्या गोंगाटात बुडून गेलं.

[दृश्य : गोखले रोड, सिग्नल.]

शेवटी रस्ता ओलांडणं. पादचाऱ्यांच्या सिग्नलचं गणित सहसा सेकंदाला १.२ मीटर चालीवर मांडतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या पुरुषांची सरासरी चाल सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांची ०.८ मीटर निघाली. म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्यासाठी १५ सेकंद दिले, तर दिवा लाल होतो तेव्हा आजी १२ मीटरवर, बसच्या तोंडाशी उभ्या असतात.

मुंबईनं २००८ पासून स्कायवॉक बांधले. वर चढायला इतके जिने, की ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज तेच खालून, गाड्यांमधून वाट काढतात.

सिंगापूरनं २००९ साली वेगळा मार्ग धरला. तिथं ठरावीक सिग्नलवर ज्येष्ठ नागरिक आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावतात आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जादा मिळवतात. आपल्या आजींचे राहिलेले सहा मीटर आठ सेकंदांत होतात.