पलटणीतलं कोर्ट

[चाळीसगाव स्टेशन, पहाट]
गाडी भुसावळकडे निघून जाते आणि फलाटावर एक काळी ट्रंक उरते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि आर्मी नंबर. फौजी सुट्टीवर आलाय.

[कापसाचं शेत]
वेचणीला मजूर मिळत नाहीत. सुट्टी संपते, कापूस झाडावरच असतो. घरच्यांना वाटतं, आठ दिवसांनी काय बिघडतंय? 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये हा कलम 39 चा गुन्हा आहे. कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला, झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद.

[सुभेदारांचा ओटा]
निवृत्त सुभेदार. पलटणीत अशा एका खटल्याला ते बसले होते. बघा, दोन्ही हात गुडघ्यांवर. तेव्हाही असेच बसलो होतो, म्हणतात.
समरी, म्हणजे झटपट, कोर्ट मार्शल. न्यायाधीश एकटाच, तोही जवानाचा स्वतःचा कमांडिंग ऑफिसर. शेजारी दोन अधिकारी किंवा जेसीओ, म्हणजे सुभेदारांसारखे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, शेवटपर्यंत हजर लागतात. पण त्यांना शपथ नाही, मत नाही. आरोपीला एक मदतनीस मिळतो, 'फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड'. तो कानात सल्ला देईल. साक्षीदाराला प्रश्न विचारणं, कोर्टापुढे बोलणं त्याला मना आहे. आणि शिक्षेला सहसा वरची मंजुरीही लागत नाही.

जनरल कोर्ट मार्शलची गोष्ट निराळी. किमान पाच अधिकारी, कायदा समजावायला जज ॲडव्होकेट, बचावाला वकील. मत आधी सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यानं द्यायचं, साहेबाचं तोंड बघून कुणी बोलू नये म्हणून. किती विचारपूर्वक केलेला नियम! मग ही काळजी जवानाच्या वाट्याला का नाही? समरी चालते ती शिपायापासून हवालदारापर्यंत. अधिकारी किंवा जेसीओवर ती चालवताच येत नाही.

[तालुक्याचं कोर्ट, काळे कोट]
इथे सायकलचोराच्या बाजूनंही वकील उलटतपासणी घेतो. शिक्षा झाली तर वर अपील आहे.
शिस्त हवीच. सरहद्दीवर तारखांवर तारखा परवडत नाहीत, हे सुभेदार ठासून सांगतात आणि आम्हाला ते मान्य आहे. पण शांततेच्या छावणीत वकिलानं चार प्रश्न विचारले तर कोणती शिस्त मोडते?

2007 च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. समरीतला जवान तिथे जाऊ शकतो, पण बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली तरच. बडतर्फी म्हणजे बहुतेकदा पेन्शनही गेली.

[ओटा, संध्याकाळ]
त्या खटल्यातल्या जवानाचा नंबर सुभेदारांना अजून पाठ आहे. कॅमेऱ्यासमोर त्यांनी तो म्हणून दाखवला. इथे तो आवाज आम्ही काढून टाकलाय.