मयत झालेल्या घरी कोणतं वचन वाचावं?

जय ख्रिस्त. मंडळीत कुणी वारलंय, तुम्ही भेटायला निघालात, पिशवीत पवित्र शास्त्र आहे. उघडायचं कुठे? थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 4, वचनं 13 ते 18. सहाच वचनं. सावकाश वाचली तरी दोन मिनिटांत होतात. पण ती कुणाला आणि कशासाठी लिहिली हे आधी बघा, कारण घोळ तिथेच होतो.

थेस्सलनीका हे मासेदोनियातलं मोठं बंदर. आजच्या ग्रीसमध्ये ते शहर अजून नांदतं आहे. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला तिथे फार दिवस राहता आलं नाही. दंगा उसळला, जमाव यासोनाच्या घरावर चालून गेला आणि बंधुजनांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना रातोरात बिरुया या दुसऱ्या शहरी रवाना केलं. ही गोष्ट इ.स. 50 च्या आसपासची. पुढे पौलाचा सहकारी तीमथ्य थेस्सलनीकेची खबर घेऊन आला. मंडळी नवी होती, त्यातली काही माणसं वारली होती. पत्र वाचलं की त्यांचा प्रश्न लगेच कळतो: प्रभू येशू पुन्हा येईल तेव्हा आम्ही असू, पण आमची गेलेली माणसं? त्यांचं हुकलं का?

पौल उत्तर देतो ते एवढ्याच प्रश्नाचं. वेळापत्रक देत नाही.

आता वाचायचं कसं. तेराव्या वचनावर थांबा. ‘दुःख करू नका’ असं पौल म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखं करू नका, असं म्हणतो. त्यामुळे घरात शिरल्या शिरल्या ‘रडू नका, ते प्रभूजवळ गेले’ हे वाक्य नको. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, योहान 11:35. चौदावं वचन पाया आहे: येशू मेला आणि उठला. पंधरावं म्हणजे थेट उत्तर: जिवंत उरलेले गेलेल्यांच्या पुढे जाणार नाहीत. सोळाव्यात कर्णा वाजतो, आणि आधी उठतात ते ख्रिस्तात मेलेले.

सतराव्या वचनात बहुतेक जण ‘मेघ’ आणि ‘अंतराळ’ यांवर अडकतात. तुम्ही ‘त्यांच्याबरोबर’ या शब्दावर जोर द्या. विधवा बाईला ऐकायचं असतं ते हेच. त्या काळी बादशहा येणार असला की नागरिक शहराबाहेर जाऊन त्याला मानाने आत आणत. आपल्याकडे पालखीला वेशीवर सामोरं जातात, तसंच. पुष्कळ अभ्यासक हे वचन त्याच अर्थाने वाचतात. अठरावं वचन वाचा आणि पुस्तक मिटा.

पाचव्या अध्यायात तिथे शिरू नका. चोरासारखा अचानक येणारा प्रभूचा दिवस हा रविवारच्या संदेशाचा विषय आहे, मयतीच्या घरचा नव्हे. प्रकटीकरणातले तक्ते तर नकोतच. प्रभूच्या येण्याच्या तारखा काढणाऱ्यांचं काय होतं ते जगाने पाहिलंय: अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला, हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011. तो दिवस पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, हे मार्क 13:32 डोळ्यांसमोर असूनही! खुद्द थेस्सलनीकेतही काही जण कामधंदा सोडून बसले होते, म्हणून दुसऱ्या पत्रात पौलाला खडसावावं लागलं: काम करायचं नसेल त्याने खाऊही नये.

एक अवघड प्रश्न हमखास येतो. ‘आमचा मुलगा वर्षानुवर्षं उपासनेला आला नाही. तो यात बसतो का?’ हो म्हणू नका, नाही म्हणू नका. तो निवाडा आपल्या हातात नाही. उत्पत्ती 18:25 काढा. सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का, असं अब्राहाम देवालाच विचारतो. तेवढं वाचा, मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि घरच्यांना विचारून पाळकांच्या कानावर घाला, कारण महिन्याभराने हा प्रश्न त्या घरात पुन्हा निघणार आहे.