वय पुढे, सवयी मागे

श्रोतेहो, नमस्कार.

औषधाच्या गोळ्यांची पट्टी वाचू पाहणारा पंचेचाळिशीचा माणूस तुम्ही पाहिला असेल. आधी तो पट्टी लांब धरतो. हात पुरेना, तेव्हा मान मागे नेतो. मग खिडकीपाशी जातो, मोबाईलचा उजेड पाडतो आणि शेवटी छापणाऱ्याला नावं ठेवतो. अक्षर आहे तेवढंच आहे. डोळ्यातलं भिंग ताठर झालंय, जवळचं पाहायला ते पूर्वीसारखं फुगत नाही, इतकंच.

चष्मा आपण घेतो, कारण अक्षर दिसेनासं झालं की पर्यायच उरत नाही. बाकीच्या गरजा मात्र गुपचूप बदलतात, आणि आपण जुन्याच सवयी रेटत राहतो.

झोपेचंच घ्या. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी असते, मोठ्यांना 7 ते 9. त्यातून मुलांच्या या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा तयार होऊ लागतं, म्हणून रात्री लवकर आडवं केलं तरी मुलाचा डोळा लागत नाही. साठीनंतर नेमकं उलट. दिवेलागणीलाच जांभया सुरू आणि पहाटे चारला टक्क जाग. हे दोघं एकाच घरात राहत असले की वाद ठरलेला. आजोबा म्हणणार, नातू आळशी झालाय. नातू म्हणणार, पहाटेपासून यांची खुडबुड चालते. आजोबांनी हेही पाहावं, की झोप पुरत नाही म्हणून ते आठलाच अंथरुणात शिरतात आणि मग जाग आणखी लवकर येते. त्याऐवजी संध्याकाळी उजेडात बाहेर फिरून आले, तर झोपेची वेळ थोडी पुढे सरकू शकते. नातवाला सकाळचा उजेड द्यावा आणि रात्री त्याचा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे मला मान्य आहे!

पण सगळंच वयाच्या माथी मारू नये. ‘चाळिशी आली, आता खाल्लेलं अंगी लागतं’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, 29 देशांतल्या 6,400 हून अधिक लोकांचा. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो, असं त्यात दिसलं. म्हणजे चाळिशीत वजन वाढलं, तर आधी ताटाकडे आणि खुर्चीकडे पाहावं. साठीनंतर मात्र हा खर्च खरोखरच हळूहळू उतरतो.

घरात तान्हं बाळ आलं, की पहिला बळी व्यायामाचा. रोजचा तास मिळत नाही, म्हणून व्यायामच बंद! आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तो सलग दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अट तिने 2020 मध्ये काढून टाकली. पाच मिनिटं जिने चढलात, तरी ती हिशेबात धरली जातात. पासष्टीनंतर याच संघटनेचा आणखी एक सल्ला आहे: तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. रोज फिरायला जाणारी मंडळी हा सल्ला कानाआड करतात. पण चालण्याने दम टिकतो, तरी खुर्चीतून हात न टेकता उठायला मांडीत जोर लागतो. त्या वयात तहानही नीट लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने प्यावं.

आणि निवृत्ती. तिच्याआधी लोक पैशांचा बारकाईने हिशेब मांडतात, मांडायलाच हवा. पण नोकरीने पगाराखेरीज काय काय दिलं, ते कुणी मोजत नाही. उठायची वेळ, नावाने हाक मारणारी चार माणसं, आपण आलो नाही तर अडणारं एखादं काम, हे सगळं एकाच संध्याकाळी थांबतं. मग माणूस घरातल्यांच्या कामांत लक्ष घालू लागतो आणि घर वैतागतं. निवृत्तीनंतरच्या एखाद्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण कुठे असू आणि कुणाशी बोलत असू, याचं उत्तर पंचावन्नाव्या वर्षी शोधायला घ्यावं. मिळत नसेल, तर तेव्हाच आठवड्याचं एखादं काम अंगावर घ्यावं, असं की आपण गेलो नाही, तर ‘आज आला नाहीत?’ म्हणून कुणाचा तरी फोन येईल.