पाडव्याची खरेदी आणि आयकराचं पंचांग

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे वहीपूजन होतं. हल्ली चोपडीशेजारच्या लॅपटॉपलाही हळदकुंकू लागतं, आणि बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर बरेच दुकानदार त्याच दिवशी घेतात. मुहूर्त चांगलाच, पण आयकर खात्याचं पंचांग निराळं आहे.

कायमचा परवाना घेतलेलं सॉफ्टवेअर संगणकाच्याच गटात, भांडवली मालमत्ता म्हणून धरतात. पूर्ण किंमत एकाच वर्षी खर्ची पडत नाही. दरवर्षी उरलेल्या किमतीवर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून नफ्यातून मिळणारी वजावट, मिळतो. मात्र खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला, तर त्या वर्षापुरता निम्माच, म्हणजे २० टक्के. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलात तर ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच ही मुदत संपते. दसरा एखाद्या वर्षी साधतो, २०२५ साली तो २ ऑक्टोबरला होता. दिवाळीचा पाडवा कधीच साधत नाही.

सॉफ्टवेअर ३०,००० रुपयांचं असेल, तर पहिल्या वर्षी १२,००० ऐवजी ६,००० वजा होतील. बाकीचा घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतो. एवढ्यासाठी कुणी पाडवा चुकवू नये, असं मला वाटतं.

जास्त लक्ष द्यावं ते जीएसटीकडे. १८ टक्क्यांनी या बिलावर ५,४०० रुपये होतात. नोंदणी असूनही बिल नुसत्या नावावर आणि मोबाइल नंबरवर करून घेतलंत, तर ते गेलेच. पैसे देण्याआधीच आपला जीएसटी क्रमांक घालायला सांगा, म्हणजे क्रेडिट मागता येतं, खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्याला भरायच्या जीएसटीतून वळता होतो. क्रेडिट घेतलंत की घसारा ३०,००० वरच; ३५,४०० वर घसारा आणि वर क्रेडिट, असं चालत नाही. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना, क्रेडिट नाहीच.

आणि रोखीनं देऊ नका. एकाच दिवशी एकाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिलीत, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत.

वर्षाच्या वर्गणीवर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला यातली घसाऱ्याची भानगड नाही. तो साधा चालू खर्च. आणि उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून जे कर भरतात, त्यांचा घसारा त्यातच आला. त्यांनी खुशाल पाडव्याला घ्यावं.