रत्नागिरीची खानेसुमारी, स्वारगेटवरून

(दृश्य: स्वारगेट एसटी स्थानक, रात्र. रत्नागिरीची पाटी लावलेली गाडी.)

होळीला दोन दिवस राहिलेत. रत्नागिरीची गाडी लागली की आधी माणसं चढत नाहीत, पिशव्या चढतात, त्याही खिडकीतून. जाताना त्यांत बाकरवडी असते, येताना त्याच पिशवीतून आमसुलं आणि कुळथाचं पीठ येतं.

खिडकीशी बसलेल्या आजींच्या बटव्यात एक किल्ली आहे, काळ्या दोऱ्यात ओवलेली, बोटभर लांब. वर्षातून दोनदा चालते, गणपतीत आणि शिमग्यात. गाडी रात्रभर धावेल, आंबा घाट उतरेल आणि सकाळी कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब पडतील.

(दृश्य: पहाट. मिरकरवाडा बंदर. लिलावाचा गलका.)

रत्नागिरी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या भरली सुमारे ७६ हजार. कोथरूडच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. शहर तसं थोडं वाढलंय. जिल्हा मात्र आटला. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. दहा वर्षांनी उरली १६,१५,०६९. म्हणजे अख्ख्या रत्नागिरी शहरात राहतात त्याहून जास्त माणसं जिल्ह्याच्या खात्यातून वजा झाली. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा वाढला जवळजवळ २२ लाखांनी.

बाकीची गोष्ट आणखी एक आकडा सांगतो. २०११ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त. हे वाचून खूश व्हायचं कारण नाही. पुरुष मुंबईत होते, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य: जांभ्याचा कातळ, कडेला भाताची चिंचोळी खाचरं.)

पाऊस धो धो, पण पाणी कातळावरून सरळ समुद्रात. भाताची जमीन मूठभर, तीही भावाभावांत वाटलेली. पोट भरायला घाटावर किंवा मुंबईला. गिरणी, गोदी, पलटण. घरी यायची ती मनिऑर्डर.

(दृश्य: टिळक आळी. कौलारू घर, अंगणात तुळस.)

शिकलेल्यांची वाट बहुधा पुण्याकडे वळायची. याच आळीत २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला. वडील शाळाखात्यात. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा मुलगा घाट चढला. पुण्याचे म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मूळ असं खाली उतरतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म गुहागरजवळच्या कोतळूकचा. महर्षी कर्व्यांचं बालपण दापोलीजवळच्या मुरूडचं. पुणेरीपणाचा तोरा मिरवणाऱ्यांनी कधीतरी आपली कुलदेवता कुठे आहे ते आठवून पाहावं.

(दृश्य: थिबा पॅलेस. लाल भिंती, रिकामा व्हरांडा.)

आणि आता गंमत बघा. जिथून माणसं जगण्यासाठी बाहेर पडत होती, तिथेच इंग्रज सरकार माणसं आणून ठेवत होतं. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य गेलं. पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट इथे आणलं. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीकरीणच झाली.

सावरकरही १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. त्यांच्या काळात, १९३१ मध्ये, पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. रत्नागिरीत गरिबीत वाढलेला हा माणूस मुंबईत जाऊन बांधकामांचा मोठा कंत्राटदार झाला. ही मनिऑर्डरच म्हणायची, जरा मोठ्या रकमेची.

(दृश्य: वाडी. एकामागून एक बंद दारं. एका पडवीत आजी केरसुणी घेऊन.)

तीस पावलांत चार कुलपं. अंगणात आंब्याचा पाचोळा घोट्यापर्यंत. पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या गंजल्यात, फळी शेजाऱ्यांनी आत नेऊन ठेवलीय. आजींना घाई आहे. शिमग्याची, ग्रामदेवतेची पालखी कधीही येईल आणि पालखी दारात आली की घर उघडं हवं.

२०११ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या वर्षी होळी होती मार्चमध्ये. तीन आठवडे थांबले असते, तर मोजणाऱ्यांना या वाडीत पाय ठेवायला जागा मिळाली नसती. अर्थात आकडा तसा बदलला नसता म्हणा. नेहमीचा पत्ता विचारला, की सगळे पुणे नाहीतर मुंबईच सांगणार.

(ढोल जवळ येतो.)

आजींनी ओटीचा नारळ सुपात ठेवलाय. पुण्याची नातवंडं खळ्यात मोबाइल वर धरून उभी आहेत. पालखी वळणावर दिसते, आणि आजी त्यांना ओरडतात, ‘‘अरे, चपला काढा आधी!’’